घरातल्या सीड्या-कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्यात? सॉफ्टवेअर कुठलं आणि सेटिंग काय ठेवायचं

२००६ च्या आसपास मी घरातल्या दीडेकशे सीड्या कॉम्प्युटरवर घेतल्या, सगळ्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये (केबीपीएस म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला किती किलोबिट वापरले, आकडा लहान तेवढं जास्त काढून टाकलेलं), कारण हार्ड डिस्क ८० जीबीची होती आणि वाटलं गाणं ऐकू येतंय ना मग झालं. पुढे घर बदलताना बऱ्याचशा सीड्या देऊन टाकल्या. आता बऱ्या स्पीकरवर त्यातला एखादा अभंग लावला की टाळ टाळासारखे वाजतच नाहीत, खण्ण असा ठोका येऊन नाद लांबत जायला हवा तिथे नुसती पाणी हलवल्यासारखी सळसळ येते. एमपी३ करताना जे काढून टाकलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. तुमच्याकडे सीड्या अजून असतील तर हे काम एकदाच पण नीट करा, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे ठरवून टाका की जपून ठेवायची प्रत वेगळी आणि ऐकायची प्रत वेगळी. जपायची प्रत लॉसलेस, म्हणजे सीडीवरचा एकही बिट न गमावता. ऐकायची प्रत लहान, मोबाईलसाठी, गाडीसाठी, आणि ती कधीही पुसून नव्याने करता येते. एमपी३ वरून परत दुसरा एमपी३ किंवा एएसी (एमपी३ सारखंच आवाज कापून लहान करणारं फॉरमॅट) करायचा नाही, दर वेळी थोडं अजून जातं, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

लॉसलेससाठी फ्लॅक (FLAC) हे फॉरमॅट घ्या. २००१ पासून आहे, फुकट आहे, अँड्रॉइड, विंडोज १०, लिनक्स सगळीकडे वाजतं. सीडीचा आवाज म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे तासाभराच्या सीडीला ६०० एमबीच्या वर जागा लागते, आणि फ्लॅक केलं की बहुतेक वेळा ३०० ते ४०० एमबीत बसतं. २०० सीड्या धरल्या तरी ७०-८० जीबी, आजच्या १ टीबीच्या डिस्कवर कोपऱ्यात पडून राहील. फ्लॅकमध्ये ० ते ८ अशा लेव्हल असतात आणि लोक उगाच गोंधळतात की ८ म्हणजे आवाज जास्त दाबला जाईल का, तर अजिबात नाही, आवाज सगळ्या लेव्हलला तोच, फक्त ८ ला वेळ थोडा जास्त आणि फाइल किंचित लहान. मी ८ ठेवते आणि व्हेरिफाय चालू ठेवते, म्हणजे फाइल बनतानाच ती उलगडून मूळ आवाजाशी ताडून बघितली जाते. घरात सगळं ॲपलचंच असेल तर ॲपल लॉसलेस वापरा, त्यांच्या म्युझिक ॲपच्या लायब्ररीत फ्लॅक घालता येत नाही. पुढे कधी फ्लॅक करावंसं वाटलं तरी या दोन्हींत इकडून तिकडे काहीही न गमावता जाता येतं.

आता सीडी वाचायची कशाने? विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. साधा प्लेयर सीडी रिप करतो, म्हणजे वाचून कॉम्प्युटरवर घेतो, तेव्हा चरा आला की तिथे अंदाजे काहीतरी भरून पुढे जातो आणि आपल्याला सांगतही नाही. ही सॉफ्टवेअरं तो तुकडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि नाहीच जमलं तर लॉगमध्ये, म्हणजे कामाची नोंद असलेल्या फाइलमध्ये, वेळेसकट लिहून ठेवतात.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी पहिल्यांदा उघडलं की एक विझार्ड येतो, त्यात ड्राइव्ह तपासून घ्या, रिडिंग मोड सिक्युअर ठेवा आणि ॲक्युरेटरिप चालू करा. ॲक्युरेटरिप म्हणजे जगभरात लोकांनी तीच सीडी वाचली तेव्हा आलेल्या चेकसमचा (वाचलेल्या डेटावरून काढलेल्या ताळ्याच्या आकड्याचा) साठा, तुमचा चेकसम जुळला की लॉगमध्ये ॲक्युरेटली रिप्ड असं येतं आणि पुढे आकडा येतो, किती जणांशी जुळलं त्याचा. हिंदी सिनेमाच्या, इंग्रजी गाण्यांच्या सीड्या पटकन जुळतात, पण मराठी सीड्यांचं तसं नाही, नाट्यसंगीताच्या, कीर्तनाच्या माझ्या कितीतरी सीड्या त्या साठ्यात सापडल्याच नाहीत. अशा वेळी साधं कॉपी न करता टेस्ट अँड कॉपी निवडा. सीडी दोनदा वाचली जाते, दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (हाही एक चेकसमच) लॉगमध्ये शेजारी शेजारी येतात, ते तंतोतंत एक असले की काळजी नाही. वेगळे आले किंवा सस्पिशस पोझिशन (इथे वाचण्यात शंका आहे) असं दिसलं तर सीडी मऊ कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको, आणि परत लावा. एवढं करून नाहीच झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एका ड्राइव्हने हात टेकलेली सीडी दुसऱ्याने बिनतक्रार वाचली असं माझ्याकडे बऱ्याचदा झालंय. लॉग फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, टाकून देऊ नका.

कॅसेटींचं काम यापेक्षा कष्टाचं आहे पण माझा जीव त्यातच जास्त आहे. बाबांनी आकाशवाणीवरून भरलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटी आहेत माझ्याकडे, आतल्या कागदावर निळ्या शाईत राग, गायक, तारीख, आणि काही ठिकाणी "शेवट राहिला". हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. तर आधी कॅसेट डेकचं हेड, म्हणजे टेप जिथे घासून वाचली जाते तो भाग, साफ करा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. माझी पहिली काडी गडद तपकिरी निघाली, तिसरी पांढरी आली तेव्हा थांबले, आणि त्यानंतर तीच कॅसेट लावली तर तबल्याची चाट एकदम स्वच्छ. डेकच्या लाइन आउटमधून वायर काढा. लॅपटॉपला बहुतेक वेळा फक्त माइकचं भोक असतं, त्यात घालू नका, लाइन इन असलेलं एखादं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर. ४८ किलोहर्ट्झ आणि एक्स्पोर्ट करताना २४ बिट फ्लॅक. लेव्हल अशी लावा की सगळ्यात मोठ्या आवाजाला सुई वजा ६ डीबीच्या आसपास राहील, कारण मैफलीत आलाप चालू असतो तेव्हा सगळं कमी वाटतं आणि आपण लेव्हल वाढवतो, मग द्रुतमध्ये तान आली की आवाज फाटतो आणि तो फाटलेला आवाज नीट होत नाही. तासाभराला फ्लॅक करण्याआधी १ जीबीच्या थोडं वर लागतं, तेवढी जागा मोकळी ठेवा. सुरसुर काढायचा मोह होतो, पण कच्चं रेकॉर्डिंग आधी जसंच्या तसं सेव्ह करा आणि नॉइज रिडक्शन फक्त कॉपीवर, तेही हलक्या हाताने. जोरात लावलं की सुरसुरीबरोबर तानपुऱ्याची जवारी पण जाते आणि गाणं भुंडं वाटायला लागतं. आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून फोल्डरमध्ये टाका.

मग ऐकायच्या प्रती. फूबार२००० या विंडोजवरच्या प्लेयरचा कन्व्हर्टर चांगला आहे, एका वेळी सगळी लायब्ररी देता येते. मोबाईलसाठी मी ओपस १२८ केबीपीएस करते, हे २०१२ मध्ये आलेलं फॉरमॅट आहे, मिनिटाला १ एमबीच्या आत बसतं आणि याच आकड्याचा माझा जुना एमपी३ याच्या जवळपासही येत नाही. आयफोनवर म्युझिक ॲपमध्येच ऐकायचं तर एएसी २५६. गाडीच्या स्टिरिओला बहुतेक वेळा एमपी३ च कळतं, तिथे लेम एन्कोडर (एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर) घ्या आणि व्हीबीआर व्ही२, म्हणजे गाण्याच्या गरजेप्रमाणे केबीपीएस कमी-जास्त होणारं सेटिंग, सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास येतं. मन मानत नसेल तर व्ही०, ते २४५ च्या आसपास. बाकी चौकटींना हात लावू नका, जॉइंट स्टिरिओ आहे तसंच राहू द्या, ते बंद केल्याने क्वालिटी वाढत नाही.

किती केबीपीएस पुरे हे दुसऱ्याला विचारण्यापेक्षा आपल्या कानाने ठरवा. फूबारला एबीएक्सचं एक कंपोनंट मिळतं, त्यात फ्लॅक आणि लहान फाइल कुठली कुठली ते न सांगता ऐकवतात आणि आपण ओळखायचं. त्यासाठी तुकडा अवघड निवडा, टाळ-झांजा असलेला अभंग, तबला सोलो, किंवा मैफलीतल्या टाळ्या. नुसत्या बासरीवर फरक पटकन कळत नाही. १६ पैकी ८-९ वेळाच बरोबर आलं तर तुम्ही अंदाजच लावताय, ते सेटिंग तुम्हाला पुरे आहे.

ख्यालाच्या सीडीत विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात पण गाणं सलग असतं, मध्ये क्षणभर जरी गॅप आली तरी समेचा विचका होतो. फ्लॅक आणि ओपसला हा त्रास नाही, लेमही त्याची माहिती फाइलमध्ये लिहितं, पण गाडीतला प्लेयर ती वाचेलच असं नाही, म्हणून गाडीसाठी मी दोन ट्रॅक जोडून एकच फाइल करते.

टॅगसाठी, म्हणजे फाइलमध्ये गाण्याचं, कलाकाराचं नाव लिहिण्यासाठी, एमपी३टॅग वापरा. इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या नावांवर विसंबू नका, किशोरी आमोणकरांचं नाव रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी येतं आणि मग प्लेयरमध्ये एकाच बाईंचे तीन कलाकार होतात. एक स्पेलिंग ठरवा आणि शेवटपर्यंत तेच. फ्लॅकमध्ये आपल्या मनाने नवीन खाना करता येतो, मी राग आणि ताल असे दोन केलेत, खान्याचं नाव मात्र रोमन अक्षरांतच द्यावं लागतं, आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहा. आता यमन म्हणून शोधलं की घरातले सगळे यमन समोर येतात! एमपी३ साठी सेटिंगमध्ये आयडी३ व्ही२.३ (टॅगचा प्रकार) आणि यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवा, जुन्या स्टिरिओंना तेच जास्त चालतं, तरीही स्क्रीनवर चौकोन आले तर गाडीच्या प्रतीपुरती नावं रोमनमध्ये करा.

शेवटचं काम बॅकअपचं. फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, माझी ताईकडे असते. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ चेकसम असतो, त्यामुळे फाइल खराब झाली का ते न ऐकताच तपासता येतं. दिवाळीत ताईकडे गेले की मी दोन्ही डिस्क लॅपटॉपला लावते, फूबारमध्ये सगळ्या फाइल निवडून इंटिग्रिटी तपासायला टाकते आणि फराळाला बसते. एखादी फाइल एरर देते, तेव्हा दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत तिथल्या तिथे कॉपी करून घेते.