पानगळीतील हरणाची शिकार : मचाणावर बसताना या चुका टाळा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार सप्टेंबरच्या मध्यास सुरू होते आणि थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या शनिवारपासून बंदुकीचे ९ दिवस येतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा असल्याने अमेरिकेत राहणारा मराठी माणूस ही विद्या बहुधा पहिल्यापासूनच शिकतो. त्याने कायदाही आधी पाहावा, कारण तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने एरवी मनाई असून वैध शिकार-परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वर पोहोचल्यावर हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा सुरक्षापट्टा, अडकवणे. पंधरा-वीस फुटांवरच्या मचाणावरून माणूस पडतो तो बसलेला असताना क्वचितच. शिडी चढताना, उतरताना आणि विशेषतः शिडीवरून फळीवर पाय टाकताना त्याचा तोल जातो. म्हणून बुंध्यापासून बैठकीच्या वरपर्यंत लाइफलाइन, म्हणजे सुरक्षेचा दोर, बांधून हार्नेसची दोरी तिच्यावरील प्रुसिक गाठीत जमिनीवरच अडकवावी. ही गाठ हाताने वर सरकते, पण भार येताच आवळते. बसल्यावर दोरीला ढील ठेवू नये. लोंबकळत राहिल्यास मांड्यांवरील पट्ट्यांमुळे रक्ताभिसरण अडते, त्यामुळे पाय टेकवण्याचा पट्टा आणि मोबाइल हाताशी असावा. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोराने वर ओढून घ्यावी. गेल्या वर्षी झाडावरच ठेवलेल्या मचाणाचे पट्टे उन्हाने कुजलेले, खारींनी कुरतडलेले किंवा वाढत्या बुंध्याने ताणलेले असतात. ते न तपासता चढणे हा निव्वळ आळस होय.

‘जागा उत्तम आहे, पण हरणे येतच नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा वारा असतो. उतारावरची हवा सकाळी ऊन तापू लागताच वर चढते आणि संध्याकाळी गारव्याबरोबर दरीकडे उतरते, त्यामुळे सकाळी साधलेले मचाण संध्याकाळी आपलाच वास हरणांच्या वाटेवर सोडते. वारा प्रतिकूल असेल तर त्या दिवशी तेथे बसूच नये. वास मारणाऱ्या फवाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. वारा अनुकूल असूनही हरणे दिसेनाशी झाली, तर त्यांचे खाणे बदलले आहे का ते पाहावे, कारण ओकची फळे गळू लागली की हरणे सोयाबीनचे शेत सोडून रानात शिरतात. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात, माजाच्या काळात, नर भर दुपारीही हिंडत असल्याने सकाळी दहाला उतरून न्याहारीला जाणे ही हळहळ लावणारी चूक ठरते.

फार उंच मचाणावरून अगदी खालच्या हरणावर बाण सोडल्यास तीव्र कोनामुळे एकच फुप्फुस भेदले जाते. हरण थोडे दूर, कुशीच्या बाजूने उभे राहीपर्यंत थांबावे. बाण लागल्यावर घाईने उतरू नये. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाचे असते आणि अर्ध्या तासाने माग काढता येतो. काळपट रक्त यकृताचे असल्याने कित्येक तास थांबावे लागते, तर हिरवट, दुर्गंधीयुक्त खूण पोटाची असून तेव्हा रात्रभरही वाट पाहावी लागते, कारण उठवलेले जखमी हरण मैलभर जाऊन हरवते.