आरजीएवर नायट्रोजन-१५ मोजताय? या चुका टाळा

संत्र्याच्या झाडाला दिलेल्या युरियातला नायट्रोजन पानात किती उतरला, हे पाहण्यासाठी नायट्रोजन-१५ने (नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने) चिन्हांकित केलेले खत वापरतात. माती, संत्रा आणि कापूस यांवरील केंद्रीय संस्था नागपुरात असल्याने येथील महाविद्यालयांनाही असे प्रयोग करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. समस्थानिकांसाठीच बनवलेले महागडे मास स्पेक्ट्रोमीटर परवडत नसेल, तर निर्वात कक्षातील वायू तपासणारा साधा क्वाड्रुपोल आरजीए (रेसिड्युअल गॅस अॅनालायझर) या कामी येतो. मात्र नैसर्गिक नमुन्यांतील हजारात काही भागांचे फरक त्यावर शोधू नयेत, काही टक्के समृद्ध केलेले खतच वापरावे.

आरजीए प्रत्येक वस्तुमानावर एक शिखर दाखवतो: साधा नायट्रोजन वायू २८वर, एक नायट्रोजन-१५ अणू असलेला २९वर आणि दोन असलेला ३०वर. सर्वांत घातक चूक म्हणजे २८वरचे शिखर दिसताच त्याला नायट्रोजन मानणे. नायट्रोजनचे वस्तुमान २८.००६ आणि कार्बन मोनॉक्साइडचे २७.९९५ असल्याने एकेका एककाचाच भेद करणारे हे यंत्र दोघांना वेगळे करू शकत नाही, शिवाय कार्बन डायऑक्साइडचा तुकडाही २८वरच पडतो. यंत्रातील तापलेल्या फिलामेंटवर उरलासुरला ऑक्सिजन पोहोचला की कार्बन मोनॉक्साइड तेथेच तयार होतो, आणि नायट्रिक ऑक्साइड झाल्यास ३०वरचा आकडा फुगतो. म्हणून १२ (कार्बन) आणि ४४ (कार्बन डायऑक्साइड) ही शिखरे प्रत्येक वेळी पाहावीत. ती शुद्ध नायट्रोजनच्या नोंदीपेक्षा उंच असतील, तर आधी पान जाळून नायट्रोजन वायू मिळवणाऱ्या ज्वलननळीतील तांबे आणि कार्बन डायऑक्साइडचा सापळा तपासावा.

मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत कक्ष उघडणे टाळावे. दमट हवेतले पाणी धातूच्या भिंतींना चिकटते, पुढे कित्येक तास १८वर दिसत राहते, आणि त्यातून येणारा हायड्रोजन नायट्रोजनच्या आयनांना जोडला जाऊन नेमक्या २९वर खोटी भर घालतो. कक्ष कोरड्या नायट्रोजनने भरून उघडावा आणि बंद केल्यावर तापवून कोरडा करावा.

जास्त संकेत मिळावा म्हणून वायू भरमसाट सोडू नये: दाब १०⁻⁵ टॉरच्या (टॉर हे दाबाचे एकक) वर गेला की प्रमाण बिघडू लागते. आयन मोजणाऱ्या दोन शोधकांपैकी इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरची संकेत वाढवण्याची क्षमता काळानुसार बदलते, त्यामुळे गुणोत्तरासाठी दुसरा, म्हणजे फॅराडे कप बरा.

नमुना लावण्यापूर्वी सिलिंडरमधला साधा नायट्रोजन सोडून २९ आणि २८ यांचे गुणोत्तर काढावे. ते नैसर्गिक नायट्रोजनच्या ०.७३ टक्क्यांच्या आसपास स्थिर येईपर्यंत चिन्हांकित पानाचा नमुना यंत्राला लावू नये.