आत शिरलात, पण दार कोण लावणार?

एम.टेक.ला मी प्रकल्प घेतला होता: फुगलेल्या स्पेससूटमधल्या माणसाला तातडीने यानात परत कसं घ्यायचं. माझं सगळं डोकं दाराच्या रुंदीत अडकलेलं. खांदे इतके, पाठीवरची पेटी इतकी, वर चार बोटं मोकळीक, झालं! पहिल्याच सादरीकरणात सरांनी विचारलं, "बरं, आला आत. दार कोण लावणार?" मी गप्प.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. 18 मार्च 1965 ला यानाबाहेर पडलेला पहिला माणूस, सोव्हिएत अंतराळवीर लिओनॉव्ह, याचा सूट बाहेर फुगून ताठ झाला आणि त्याने सूटमधला दाब उतरवला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो ठरल्याप्रमाणे पायांकडून न शिरता डोक्याकडून शिरला, त्यामुळे मागचं दार लावायला त्याला त्या अरुंद एअरलॉकमध्ये (यान आणि बाहेरची पोकळी यांमधला, हवा काढता-भरता येणारा दोन दारांचा कप्पा) उलटं वळावं लागलं. खरा घाम तिथे निघाला. त्याच वर्षी जूनमध्ये जेमिनी-4 या अमेरिकन यानाचं दारही अंतराळवीर एड व्हाइट बाहेरून परतल्यावर सहजी लागलं नाही.

मीर या सोव्हिएत अंतराळ स्थानकावरची 17 जुलै 1990 ची घटना तर नीट अभ्यासा. सोलोव्योव्ह आणि बालांदिन यांनी स्थानकाच्या क्वांत-2 या भागातल्या एअरलॉकचं बाहेरचं दार उघडलं तेव्हा आत थोडी हवा शिल्लक होती. दार झटक्यात बाहेर गेलं, बिजागरी बिघडली. परतल्यावर ते लागेना. शेवटी आतल्या कप्प्याचाच एअरलॉक करावा लागला. 'थोडी हवा' म्हणजे काय, ते कागदावर मांडून बघा: मीटरभर व्यासाचं दार आणि नेहमीच्या दाबाचा फक्त 1 टक्का, तरी रेटा जवळजवळ 80 किलोंचा.

मग दार आत उघडणारं करावं? अपोलो-1 या अमेरिकन यानाचं आतलं दार तसंच होतं. 27 जानेवारी 1967 ला जमिनीवरच्या चाचणीत लागलेल्या आगीत आतला दाब वाढला, ते उघडताच आलं नाही आणि आतले तिघे अंतराळवीर गेले.

सूत्रं नंतर पाठ करा, आधी फिरत्या खुर्चीवर पाय उचलून बसा आणि भिंतीवरचा घट्ट व्हॉल्व्ह फिरवा. तुम्हीच फिराल. वजनरहित अवस्थेत हेच होतं, म्हणून कडीइतकाच पाय अडकवायचा आधार महत्त्वाचा. मग जाड हातमोज्यांच्या दोन जोड्या एकावर एक चढवा आणि डोळे बांधून कडी शोधा. (2013 मध्ये अंतराळ स्थानकाबाहेर काम करताना इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानोच्या हेल्मेटमध्ये पाणी भरलं, तेव्हा तो सुरक्षा-दोरीच्या अंदाजाने एअरलॉकपर्यंत आला.) खऱ्या सूटमध्ये याहून वाईट अवस्था असते: मूठ वळवली की आतली हवा बोटांना परत उघडायला लावते. आम्ही प्लायवुडच्या साच्यात हे करून पाहिलं, तेव्हा कडी माझ्या हाताला लागलीच नाही. ती खांद्यामागे होती.

दुसऱ्या आराखड्यात दाराचं माप तेच ठेवलं. कडी कमरेपुढे आणली, भिंतीला पायासाठी दोन दांड्या दिल्या. सरांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आणि उजवा हात दुखावलेला असेल तर?"