उद्या कुठली टोळी कुठल्या बागेत? जेनेटिक अल्गोरिदमने वाटप असं करा

आंबा उतरायला लागला की देवगडात रोज रात्री हाच घोळ असतो. गड्यांच्या टोळ्या ठरलेल्या, बागा ठरलेल्या, पण कोणाला कुठे धाडायचं?

आधी एक गोष्ट तपासा. प्रत्येक टोळीचा खर्च बाकीच्यांवर अवलंबून नसेल, तर जेनेटिक अल्गोरिदमच्या वाटेला जाऊच नका. गणितज्ञ हॅरोल्ड कून यांनी १९५५ साली मांडलेली हंगेरियन पद्धत सर्वांत स्वस्त वाटप हमखास काढून देते. पण गिर्ये आणि विजयदुर्गच्या टोळ्या एकाच टेम्पोने जाणार असतील, तर एकीचा खर्च दुसरीवर ठरतो. तिथे ही पद्धत अपुरी पडते. पंधरा बागा, पंधरा टोळ्या म्हटल्या तरी वाटपं होतात १,३०,७६७ कोटींहून जास्त. सगळी तपासत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी मिशिगन विद्यापीठाच्या जॉन हॉलंड यांनी पुढे आणलेला मार्ग, म्हणजेच जेनेटिक अल्गोरिदम, कामाला येतो: बरी वाटपं निवडा, त्यांचा संकर करा, थोडा बदल करा, पुन्हा निवडा.

बागांचा क्रम एकदा पक्का करा आणि प्रत्येक जागी टोळीचा नंबर लिहा. ३ १ ५ २ ६ ४ म्हणजे पहिल्या बागेत तिसरी टोळी, दुसरीत पहिली. अशी शंभरेक वाटपं चिठ्ठ्या टाकल्यासारखी बनवा.

मग प्रत्येकाचा खर्च काढा: टेम्पोचे किलोमीटर, अधिक अट मोडल्याचा दंड. दंड ठरवताना हात आखडू नका. मी सुरुवातीला तो कमी ठेवला होता. प्रोग्रॅमने उंच, जुन्या कलमांच्या बागेत झाडावर चढणारा गडीच नसलेली टोळी पाठवली, कारण तेवढे किलोमीटर वाचत होते! दंड इतका हवा की किलोमीटर वाचवून तो कधीच भरून निघू नये.

संकर करताना बहुतेकांचं चुकतं, म्हणून इथे जरा थांबा. दुसरं वाटप ६ ४ ३ १ २ ५ आहे असं धरा. दोन्ही मधोमध कापून जोडलीत, तर ३ १ ५ १ २ ५ मिळतं. पहिली आणि पाचवी टोळी दोन-दोन ठिकाणी, चौथी आणि सहावी घरी बसलेली! त्याऐवजी पहिल्यातले मधले दोन, ५ आणि २, जागच्या जागी ठेवा. उरलेल्या जागा दुसऱ्याच्या क्रमाने भरा, आधीच आलेले नंबर गाळून: ६ ४ ५ २ ३ १. प्रत्येक टोळी बरोबर एकदाच.

संकरासाठी आईबाप निवडताना, दोघांसाठीही, कुठलीही तीन वाटपं उचला आणि त्यातलं स्वस्त घ्या. अधूनमधून एखाद्या वाटपात दोन टोळ्यांची अदलाबदल करा, नाहीतर सगळी वाटपं लवकरच सारखी होतात. सर्वांत चांगली दोन मात्र जशीच्या तशी पुढच्या पिढीत, म्हणजे पुढच्या फेरीच्या वाटपांत, न्या. पन्नास पिढ्यांत काही सुधारलं नाही की थांबवा आणि नव्या चिठ्ठ्यांपासून आणखी चार-पाच वेळा चालवा. ही पद्धत सर्वोत्तम उत्तराची हमी देत नाही. म्हणून आधी सहाच बागांवर चालवा. ७२० वाटपं सगळी तपासता येतात, आपला प्रोग्रॅम तेच उत्तर देतो का ते कळतं.

शेवटी यादी मुकादमाला दाखवा. ‘ही टोळी त्या बागेत नको, गेल्या वर्षी मालकाशी हिशोबावरून वाजलं होतं,’ असं तो सांगेल. तेही दंडात घाला आणि पुन्हा चालवा.