मान मोडून केलेला अभ्यास अर्जात कसा दाखवायचा

दर सप्टेंबरात न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या आमच्या डायनिंग टेबलावर बारावीचं एखादं मूल अमेरिकन कॉलेजांचे अर्ज भरायला लॅपटॉप उघडून बसतं. सोबत आई नाहीतर बाबा. प्रश्न ठरलेला असतो, "काका, हिने चार वर्षं नुसता अभ्यासच केलाय. तो मेहनतीत धरतात का?"

धरतात, पण मार्कांच्या खात्यात. प्रवेशात आशियाई मुलांवर अन्याय होतो, म्हणून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात त्यांची पद्धत उघड झाली. अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना ते वेगवेगळी श्रेणी देत. आशियाई मुलांची अभ्यासाची श्रेणी वरची, व्यक्तिमत्त्वाची मात्र सरासरीने खालची. प्रवेशात वंश विचारात घेणं सुप्रीम कोर्टाने जून 2023 मध्ये थांबवलं. तरी ते आकडे आठवले की मला आजही राग येतो. रात्री एकपर्यंत बसणाऱ्या पोराची चिकाटी हा त्याचा स्वभावच नाही का? म्हणून ती चिकाटी आपणच दाखवायची.

कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, उपक्रमांना 10 जागा असतात. प्रत्येकी वर्णनाला 150 अक्षरं, शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे. एसएटी या प्रवेशपरीक्षेचा क्लास तिथे घालू नका. शाळेने न सांगता केलेला अभ्यास जरूर घाला.

गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं, 'गणितासाठी खूप मेहनत घेतली.' मी तिची वही मागवली. दर शनिवारी एआयएमई या गणित स्पर्धेचा एक जुना पेपर, 15 गणितं, घड्याळ लावून 3 तास. डाव्या पानावर गणित, उजव्या पानावर लाल पेनाने 'कुठे चुकलं'. मोजणीचं एक गणित तर चार शनिवार चुकलेलं, कारण तीच मांडणी ती दोनदा मोजत होती. चौथ्या वेळी तिने समासात लहान लहान चौकोन काढून एकेक मांडणी खोडली होती. मी म्हटलं, अगं, हेच लिही! 150 अक्षरांत शनिवार, तास आणि लाल पानं आली. अर्जातल्या 650 शब्दांच्या निबंधात ते एकच गणित आलं.

घरकाम लपवू नका. एक मुलगा आजीला डॉक्टरकडे नेऊन तिचं बोलणं इंग्रजीत सांगायचा, धाकट्याचा गृहपाठ घ्यायचा. आईला वाटलं, यात काय लिहायचं? फॉर्ममध्ये कौटुंबिक जबाबदारीचा वेगळा पर्याय आहे. अभ्यास किती तासांतून काढलाय, ते त्यातूनच कळतं.

शिफारसपत्र अकरावी संपायच्या आत मागा. ज्यांच्या विषयात आधी बी मिळाली आणि मग मुलाने वर चढून दाखवलं, त्या शिक्षकांना विचारा. सहज ए देणाऱ्यांनी धडपड पाहिलेलीच नसते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं निराळं आहे. ते एसएटी बघत नाहीत आणि अर्जासोबत शिक्षकांची पत्रंही मागत नाहीत. तिथे 350 शब्दांची चार उत्तरंच सगळं सांगतात.

शेवटी अर्ज छापून घ्या आणि 'हार्डवर्किंग', 'डेडिकेटेड', 'पॅशनेट' या शब्दांवर काट मारा. त्या मुलीच्या अर्जात असे सात शब्द निघाले. लवकरच्या अर्जाच्या मुदतीच्या, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या, दोन दिवस आधी आम्ही वही मधोमध ठेवून बसलो, आणि सातही जागी तिने वहीतलंच काहीतरी लिहिलं.