जुना प्रोग्राम नव्या मशीनवर आणायचाय? आधी डेटा फाइल वाचा

कॉलेजात असताना मी टर्बो पास्कल या डॉसवरच्या जुन्या प्रोग्रामिंग साधनात कॅसेटची यादी ठेवणारा प्रोग्राम लिहिला होता. गाणं, गायक, वर्ष, मिनिटं. कॅसेट कधीच गेल्या, पण यादी मात्र मी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर ओढत राहिलो. दुसऱ्या मशीनवर प्रोग्राम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडायचा, माझी पहिली ओळ चालण्याआधीच. दोष माझा नव्हता. टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट, म्हणजे स्क्रीन आणि कीबोर्ड हाताळणारा त्याचा तयार भाग, सुरुवातीला घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजतं आणि त्याला ५५ने भागतं. मशीन इतकं वेगवान, की उत्तर १६ बिटांत मावेना, आणि प्रोसेसर ते शून्याने भागल्यासारखंच कळवतो. पुढच्या मशीनवर तर तेवढंही नाही: ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही.

तेव्हा सुटीत बसून सगळं पायथॉन या भाषेत नव्याने लिहायला घेतलं. ही चूक तुम्ही करू नका. स्क्रीन छान झाल्या, पण जुनी फाइल उघडली तर नुसता कचरा.

योग्य क्रम असा. सोर्स (प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर), डेटा फाइल आणि जुना चालता प्रोग्राम, तिन्हींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुना प्रोग्राम चालवा. एरर २०० आलीच, तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून सायकल, म्हणजे नकली मशीनचा वेग, कमी करा. चालला की पूर्ण यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये छापून घ्या. ही फाइल सांभाळा, तीच पुढे साक्षीदार.

आता डेटा फाइल. इथे घाई नको. सोर्समधलं रेकॉर्ड, म्हणजे एका नोंदीची मांडणी, बघा आणि कागदावर बाइट मोजा. माझं असं होतं: गाण्याला ४० अक्षरांची स्ट्रिंग, गायकाला ३०ची, वर्ष इंटिजर (पूर्णांक), मिनिटं रिअल (दशांश संख्या). टर्बो पास्कलची स्ट्रिंग लांबीसाठी सुरुवातीला एक जादा बाइट घेते, म्हणून ४१ आणि ३१. इंटिजर २, रिअल ६. एकूण ८०. फाइल ९१,४४० बाइटची होती, ८०ने भागली तर बरोबर १,१४३ नोंदी. बाकी उरली असती, तर मोजणीत कुठेतरी चूक होती हे तिथेच कळलं असतं.

हाच सोर्स फ्री पास्कल या नव्या पास्कल कंपायलरमध्ये तसाच कंपाइल करूनही बघितला. माझ्या मशीनवर रेकॉर्ड ८८ बाइटचं झालं, कारण तिथे रिअल ८ बाइटचा असतो आणि त्याच्याआधी मोकळी जागा सोडली जाते. पहिलं गाणं ठीक, मिनिटं भलतीच, आणि दुसऱ्या गाण्यापासून नावांचा चिवडा. 'पॅक्ड रेकॉर्ड' (मधे मोकळी जागा न सोडणारं) लिहिलं आणि रिअलच्या जागी 'रिअल४८' (जुना ६ बाइटचा रिअल) टाकलं की ८० जमतात.

पायथॉनमध्ये ६ बाइटचा रिअल हाताने सोडवावा लागतो. पहिला बाइट २चा घातांक, त्यातून १२९ वजा करा. तो बाइट शून्य असेल तर संख्याच शून्य. शेवटच्या बाइटचा सर्वांत वरचा बिट चिन्ह, उरलेले ३९ बिट अपूर्णांक, त्यात पुढे १ धरायचा. तपासायला १.० घ्या: पहिला बाइट १२९, बाकी पाच शून्य.

नोंदी सुटल्या की साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) लिहा, मग एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) भरा. त्यात 'यूझर व्हर्जन' नावाचा प्राग्मा, म्हणजे एक सेटिंग, आहे, सुरुवातीला त्याची किंमत ० असते. टेबलात बदल केला की तो आकडा वाढवा, आणि प्रोग्राम सुरू होताना तो वाचून फक्त राहिलेले बदल करा. कॉलम वाढवताना आता माझी झोप उडत नाही. बॅकअपसाठी चालू डेटाबेसची फाइल कॉपी करू नका, नव्या फाइलमध्ये नीट प्रत काढणारी एसक्यूलाइटची 'व्हॅक्यूम इन्टू' कमांड वापरा.

आता नव्या प्रोग्रामची यादी टेक्स्टमध्ये काढून साक्षीदाराशी ओळीनुसार जुळवा, विंडोजवर दोन फाइलींची तुलना करणारी एफसी कमांड पुरते. जुळेपर्यंत सुधारणा करायची नाही, क्रमसुद्धा बदलायचा नाही. मी क्रम बदलला होता, त्यामुळे जवळजवळ सगळ्याच ओळी वेगळ्या दिसल्या आणि खरी चूक त्यात हरवली. ती शोधायला दोन रात्री गेल्या: पूर्ण मिनिटं छापताना जुना प्रोग्राम अडीचचे तीन करायचा, पायथॉनचं राउंड अडीचचे दोन करतं. ते नीट केल्यावर फरक उरला एकाच ओळीत, आणि ती नोंद मीच तेव्हा चुकीची टाइप करून नव्या यादीत परवा दुरुस्त केली होती.