पार्सलचा डबा रात्रीच धुवा

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला, ३६ घरांची. शनिवार-रविवारी संध्याकाळी सातला लिफ्टपाशी पार्सलवाल्या मुलांची ये-जा सुरू होते ती साडेदहापर्यंत चालते. सोमवारी सकाळी कचरा न्यायला ताई येतात. त्या 'स्वच्छ'च्या सभासद आहेत. कचरावेचकांची स्वतःची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. ताईंना दर घरामागे महिन्याचं शुल्क मिळतं आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जाईल त्याचे पैसेही त्यांचेच. ही दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. एका सोमवारी त्या गेटजवळ बसून काळ्या डब्यातली पनीरची ग्रेव्ही बोटाने निपटत होत्या. म्हणाल्या, "काकू, डबा चांगलाय, पण असा बरबटलेला भंगारवाला घेत नाही. टाकूनच द्यावा लागतो."

त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून मी जे करत आले आणि सोसायटीतल्या २२ घरांना जे करायला लावलं, ते इथे लिहिते.

आधी धुणं

डबा विकला जाणार की कचऱ्याच्या ढिगात जाणार, हे जेवण झाल्यावर तुमच्या सिंकपाशी ठरतं. सकाळपर्यंत ठेवलात तर तेल थिजतं, मसाला चिकटतो आणि मग तो धुवायला कुणाचंच मन होत नाही.

कणीक चाळल्यावर जो कोंडा उरतो तो मी एका बरणीत साठवते. रिकाम्या डब्यात चिमूटभर कोंडा टाकायचा आणि बोटाने फिरवायचा. ग्रेव्ही आणि तेल तो शोषून घेतो. तो कोंडा ओल्या कचऱ्यात जातो. मग भांडी विसळलेल्या पाण्यातच डबा एकदा विसळायचा. वेगळं पाणी किंवा वेगळा साबण लागत नाही. हळदीचा पिवळा डाग राहिला तरी काही बिघडत नाही. अन्नाचा कण आणि ओल मात्र राहता कामा नये, कारण बंद गोणीत त्यालाच वास सुटतो. डबा रात्रभर पालथा घालायचा. झाकण वेगळं ठेवायचं, कारण ते पुष्कळदा दुसऱ्या प्लास्टिकचं असतं.

कुठलं काय, ते ओळखणं

डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो. जेवणाचे बहुतेक काळे-पांढरे डबे ५ नंबरचे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे. ते वितळवून पुन्हा वापरता येतं. पांढऱ्याला किंवा पारदर्शकला भाव बरा मिळतो, काळ्याला कमी, कारण काळ्यापासून पुन्हा गडद रंगाचीच वस्तू होते. म्हणून हॉटेल ओळखीचं असेल तर पांढरा डबा मागा. आमच्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजीवाल्यांनी नुसत्या सांगण्यावर बदलला.

चंदेरी कागदाची परीक्षा मुठीत होते. मूठ घट्ट आवळून सोडा. चुरगळलेला तसाच राहिला तर ॲल्युमिनियम. उलगडायला लागला तर ते प्लास्टिकवर चढवलेलं चंदेरी वेष्टण, वेफर्सच्या पाकिटासारखं. त्याला भंगारात जवळपास किंमत नाही. ॲल्युमिनियमचे लहान तुकडे मात्र सुटे देऊ नका, ते वर्गीकरणात हरवतात. रोलभोवतीचा, तंदुरी रोटीचा असा पुसलेला सगळा फॉइल एकावर एक गुंडाळत जा, लिंबाएवढा गोळा नारळाएवढा झाला की द्या.

कागदी डब्याला फसू नका, आम्ही सगळेच इथे फसलो आहोत. बिर्याणीचा कागदी डबा, चहाचा कागदी कप, सूपची वाटी यांना आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. कडेला फाडून पाहा, फाटलेल्या जागी पारदर्शक पापुद्रा ताणला जातो. खात्री नसेल तर तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी लगदा एकीकडे आणि पापुद्रा एकीकडे दिसेल. हा डबा रद्दीतही चालत नाही आणि खतातही नाही. तो पुसून सुक्या कचऱ्यात द्यायचा आणि पुढच्या वेळी नको म्हणायचं.

पिझ्झाच्या खोक्याचे दोन भाग करा. झाकण सहसा कोरडं असतं, ते पुठ्ठ्यात. तेलकट बूड फाडून खतात. चिकटपट्टी आणि मधला प्लास्टिकचा तिपाई-तुकडा आधी काढा.

सॉसच्या पुड्या, चटणीच्या पिशव्या, रस्स्याच्या गाठ मारलेल्या पातळ पिशव्या यांना मी उपाय शोधत बसत नाही. ॲपमध्ये चमचे नकोत, सॉस नको असं लिहिता येतं. प्लास्टिकचे चमचे, काटे, स्ट्रॉ यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. आले तर हॉटेलला फोन करून सांगा. मी सांगते.

खतात काय जातं

उसाच्या चिपाडाच्या लगद्याच्या खरबरीत वाट्या आणि ताटल्या, सुपारीच्या झावळीच्या थाळ्या, शिवलेल्या पानांच्या पत्रावळी, लाकडी चमचे, न रंगवलेले पेपर नॅपकिन. हे सगळं खतात चालतं, पण कसं टाकता यावर सगळं अवलंबून आहे.

पहिल्या वर्षी गणपतीनंतर आम्ही सोसायटीच्या विटांच्या खड्ड्यात चिपाडाच्या ६० वाट्या एकात एक बसलेल्या तशाच ओतल्या. दिवाळीत खड्डा उकरला तर त्या जशाच्या तशा, मधे पाणी साचलेलं आणि घाण वास. शिवाय कुणीतरी चंदेरी थराचे द्रोण त्यातच टाकले होते. त्यांचा कागद कुजला आणि चकचकीत पापुद्रे राहिले. ते खत आम्ही तिघींनी दोन दुपारी चाळलं. आजही कढीपत्त्याच्या वाफ्यात खुरपं घातलं की एखादा चंदेरी तुकडा वर येतो, आणि मला फार वाईट वाटतं, कारण तो आता तिथून कधीच जाणार नाही.

म्हणून: प्रत्येक वाटी फाडायची, रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे करायचे. कडक असेल तर आधी तासभर भिजवायची. मी आंबट ताक पाण्यात मिसळून त्यात भिजवते, आणि जुन्या खताची एक मूठ विरजणासारखी टाकते.

घरी करायचं असेल तर रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या. बाजूंना आणि बुडाला भोकं पाडा, खाली वीट ठेवा, तळाशी नारळाच्या शेंड्या. त्यावर ओला कचरा एक भाग आणि सुकं दोन भाग, असे थर. फाडलेल्या वाट्या, पुठ्ठा, नॅपकिन यांची गणती सुक्या पाल्यात करा, ओल्यात नाही. त्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन अगदी थोडा. एकट्याने ते कुजत नाही, त्याला भाजीची देठं आणि सालं सोबत लागतात. उरलेली तेलकट, खारट ग्रेव्ही ओतू नका, कोंड्याने पुसली तेवढीच पुरे.

आठवड्यातून एकदा खालचं वर करा. मूठभर घेऊन पिळा: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर सुका पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. पावसाळ्यात करड्या, जाड अळ्या होतात. पाहून किळस येते, पण त्या कचरा झपाट्याने खातात आणि झाडाला काही करत नाहीत. पाला वाढवला की कमी होतात. माझ्या बादलीत उन्हाळ्यात अडीच महिन्यांत वाट्यांचा मागमूस राहत नाही, थंडीत महिनाभर जास्त लागतो.

'कंपोस्टेबल', म्हणजे खत होणारं, असं छापलेल्या गुळगुळीत पिशव्या आणि पारदर्शक ग्लास खतात टाकू नका. त्यातल्या पुष्कळशा वस्तू मोठ्या प्रकल्पात, ५८-६० अंशांच्या सततच्या उष्णतेत विघटन होईल अशा बनवलेल्या असतात. घरच्या बादलीत तेवढी ऊब टिकत नाही. मी एक पिशवी पुरून पाहिली, आठ महिन्यांनी तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. भंगारातल्या प्लास्टिकमध्येही ती मिसळू नये, कारण तो सगळा माल खराब होतो. त्यामुळे ती घेणंच टाळा.

सोसायटीत रुजवताना

नोटीस लावून काही झालं नाही. ताईंनाच एका रविवारी चहाला बोलावलं, आणि त्यांनी गच्चीवर सतरंजी पसरून कुठलं विकतं, कुठलं नाही, हे हातात धरून दाखवलं. त्यानंतर लिफ्टपाशी दोन गोण्या टांगल्या: एकीत धुतलेले डबे, एकीत फॉइल. डबे एकात एक बसवून ठेवायचे, म्हणजे गोणीत तिप्पट मावतात आणि ताईंना उचलताना ओझं आवरतं. गोणी भरली की ती त्यांचीच. सोसायटीने त्याचे पैसे धरायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. आमच्याकडे एकाने तसं सुचवलं होतं.

आणि मिसळ आणायला जाताना मी स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा नेते. खाली रस्सा, मधे उसळ, वर फरसाण-कांदा, पाव कापडी पिशवीत. पहिल्यांदा दुकानदार दादा म्हणाले, "काकू, मापाचा घोळ होतो." मग त्यांचीच प्लास्टिकची पिशवी एकदा माझ्या डब्यात रिकामी करून पाहिली, कुठपर्यंत येतं तिथे मी खिळ्याने रेघ ओढली. आता रविवारी रांगेत अजून दोन-तीन डबे दिसतात, आणि त्यांच्यावरही आतून तशीच रेघ आहे.